पर्यावरणशास्त्र शिकताना: नदीकाठापासून जर्नलपर्यंतचं काम कसं करावं

ब्यूरेटमधून शेवटचा थेंब पडतो, रंग बदलतो, आकडा येतो, तो जर्नलमध्ये उतरतो आणि खाली सही होते. विद्यापीठातलं पर्यावरणशास्त्राचं बरंचसं प्रात्यक्षिक इथेच आटोपतं. ते पाणी कुठून आणलं, किती वाजता भरलं, बाटली आधी कशाने धुतली होती, लॅबमध्ये पोचेपर्यंत ती किती वेळ उन्हात होती, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. खरी मेख तिथेच आहे. पाण्याचा, मातीचा, हवेचा आकडा बराचसा नमुना घेतानाच ठरून गेलेला असतो, लॅब तो फक्त वाचून दाखवते. बाटलीच चुकीची भरली असेल तर महागडं यंत्रसुद्धा चुकीचाच आकडा देणार, फक्त दशांशचिन्हापुढे चार अंक जास्त.

म्हणून इथे फील्डवर जास्त वेळ घालवला आहे. पदवीचं पहिलं वर्ष असो की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, कामाचा क्रम हाच राहतो.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ सगळीकडेच असते. त्याऐवजी तिथे शिकणाऱ्या मुलांना गाठा आणि साधे प्रश्न विचारा. स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणाच्या रंगाच्या गडदपणावरून मात्रा मोजणारं यंत्र) तुम्ही स्वतः वापरता की सर दाखवतात आणि वीस जण मागून बघतात? फील्डला सत्रात किती वेळा जाता, आणि गेल्यावर नमुने घेता की फक्त फोटो काढून परतता? शेवटच्या वर्षी विषय तुम्ही निवडता की यादीतून चिठ्ठी निघते? जिथे मुलं स्वतः रिएजंट (चाचणीसाठी लागणारी रासायनिक द्रावणं) बनवतात, तिथे यंत्रं जुनी असली तरी जावं. रिएजंट हाताने बनवलं की त्यातली प्रत्येक चूक कुठे शिरू शकते ते कळतं, तयार किटमधून ते कळत नाही.

प्रवेश झाल्यावर एक गोष्ट लगेच करा. कुणा पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला मदतनीस हवा आहे का, ते पाहा. काम बहुतेक काचसामान धुण्याचं मिळेल. तेही शिकण्यासारखं आहे. फॉस्फेट मोजायच्या बाटल्या साध्या डिटर्जंटने धुतल्या तर डिटर्जंटमधलंच फॉस्फेट नमुन्यात येऊ शकतं, म्हणून त्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा खंगाळायच्या असतात. ही बाब पुस्तकात एका ओळीत असते, पण दोनशे बाटल्या धुतल्यावर ती कायमची लक्षात राहते.

आधी प्रश्न, मग बाटली

‘अमुक तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. ‘नाला मिळतो त्या ठिकाणाच्या खाली विरघळलेला ऑक्सिजन वरच्यापेक्षा कमी आहे का, आणि किती अंतरावर तो पूर्ववत होतो?’ हा प्रश्न आहे. यातून आपोआप ठरतं की नमुने कुठे घ्यायचे (नाल्याच्या वर, संगमाच्या खाली, मग ठरावीक अंतरांवर), काय मोजायचं, आणि काय मोजायची गरज नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. विद्यार्थी सतरा घटक मोजतात, कारण लॅबमध्ये सतरांची सोय असते. मग एकाचंही धड रिडिंग नसतं.

नाल्याच्या वर एक जागा आणि खाली एक जागा घेतली, दोन्हीकडून पाच-पाच बाटल्या भरल्या, आणि ‘नमुनासंख्या पाच’ असं लिहून टाकलं, ही चूक इतकी सर्रास होते की परिस्थितीशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं वेगळं नाव देऊन तिची चिरफाड केली. एकाच जागेच्या पाच बाटल्या त्या एका जागेबद्दल सांगतात, नाल्याच्या परिणामाबद्दल नाही. कुठल्याही दोन ठिकाणचं पाणी थोडंफार वेगळं असतंच. त्यामुळे जमलं तर वरच्या बाजूला एकापेक्षा जास्त ठिकाणं घ्या आणि वेगवेगळ्या दिवशी पुन्हा जा. तेवढं जमत नसेल तर रिपोर्टमध्ये दावा तेवढाच छोटा ठेवा.

नमुने घेण्याच्या आधी एकदा मोकळ्या हाताने जाऊन या. काठ निसरडा आहे का, पाणी किती खोल आहे, गाडी कुठपर्यंत जाते, ती जागा कुणाच्या मालकीची आहे आणि परवानगी कुणाकडून घ्यायची, हे सगळं त्याच फेरीत उरकतं.

फील्डची वही

मोबाईलवर नोंदी करणं सोपं वाटतं. बॅटरी संपेपर्यंत आणि हात ओले होईपर्यंत. कडक पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल घ्या. पेन्सिलीची नोंद पाण्याने पसरत नाही. खोडरबर मात्र घरी ठेवा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येतो, आणि शेजारी दुरुस्त आकडा लिहायचा. संध्याकाळी कळतं की पहिलाच बरोबर होता, असं बऱ्याचदा होतं.

प्रत्येक ठिकाणी लिहायचं ते असं: तारीख, घड्याळाची वेळ, अक्षांश-रेखांश, हवेचं आणि पाण्याचं तापमान, आकाश, गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, पाण्याचा रंग आणि वास, काठावर काय चाललं आहे (गुरं, धुणं, बांधकाम), नमुना कुणी घेतला, बाटल्यांचे क्रमांक. शिवाय जे नेहमीपेक्षा वेगळं दिसलं ते सगळं. दोन महिन्यांनी आलेखावर एक बिंदू उडी मारून वर गेलेला दिसतो, तेव्हा ‘पंधरा मीटर वर म्हशी पाण्यात’ ही एक ओळ अख्खा प्रकल्प वाचवते.

लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या जलकीटकांच्या बाटलीत तर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची. बाहेरचं मार्करचं लिखाण अल्कोहोलचा एक ओघळ आला की पुसून जातं.

पाण्याचा नमुना घेताना

वाहत्या पाण्यात प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि बाटली आपल्या पुढे बुडवायची. पायांनी ढवळलेला गाळ मग आपल्या मागे वाहून जातो. पृष्ठभागावरचा तवंग टाळण्यासाठी बाटली वीस-तीस सेंटीमीटर खाली नेऊन उघडा. सर्वसाधारण घटकांसाठी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यायची. मात्र जंतुपरीक्षणाची निर्जंतुक बाटली आणि जिच्यात आधीच आम्ल घातलेलं आहे ती बाटली कधीही विसळू नये.

एका ठिकाणाहून एकच मोठी बाटली भरून आणणं हा आळस आहे, कारण प्रत्येक घटकाचं आयुष्य वेगळं असतं. तापमान, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचे. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. विरघळलेले धातू हवे असतील तर आम्ल घालण्याआधी ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचं. आधी आम्ल घातलं तर गाळाच्या कणांतले धातूही पाण्यात उतरतात आणि प्रश्नच बदलून जातो. बाकीचे नमुने बर्फाच्या पेटीत, अंधारात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. क्लोरीनयुक्त पाण्यात जंतू तपासायचे असतील तर निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असावं लागतं. नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि लॅबमध्ये पाणी उगाचच स्वच्छ ठरतं.

पीएच मीटर फील्डवर नेण्याआधी किमान दोन बफरवर (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणांवर) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्यांच्याशी आकडा जुळवून घ्या: ७ आणि अपेक्षित आकड्याच्या बाजूचा ४ किंवा १०. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. आणि तो पुसू नका, टिपकागदाने नुसता टिपा. टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर नावाचं जे पेनाएवढं यंत्र मिळतं ते विरघळलेले क्षार मोजतच नाही. ते विद्युतवाहकता मोजतं आणि एका ठरलेल्या गुणकाने, साधारण ०.५ ते ०.७, गुणून आकडा दाखवतं. तो गुणक कोणता, हे माहीत नसेल तर वाहकताच लिहा.

विरघळलेला ऑक्सिजन: एक प्रयोग जवळून

एकच प्रयोग नीट शिकायचा असेल तर हा शिका. रसायनशास्त्रज्ञ लायोस विंकलर यांनी १८८८ मध्ये दिलेली ही पद्धत आजही डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटर खरं बोलतोय का हे तपासायला वापरतात. फील्ड आणि लॅब यांच्यामधली सगळी शिस्त या एका प्रयोगात आहे.

३०० मिलीची काचेचं तिरकस बूच असलेली बाटली घ्या. पाणी वरून ओतायचं नाही. रबरी नळी तळापर्यंत सोडायची, सावकाश भरू द्यायचं, आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी बाहेर वाहून जाऊ द्यायचं. वरून ओतलं की हवा मिसळते, आणि ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तो ‘सापडतो’. बूच लावल्यावर बाटली उलटी करून बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी पुन्हा भरा.

आता बूच काढून पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन १ मिली मँगनीज सल्फेट आणि मग १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा. बूच लावा, बाटली अनेकदा उलटसुलट करा. साका (द्रावणात तयार होऊन खाली बसणारा गाळ) तयार होतो आणि इथेच पाणी बोलायला लागतं: तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास नाहीच. सांडपाण्याच्या नाल्यातला तो पांढरा साका एकदा स्वतः पाहावा. साका अर्धी बाटली खाली बसला की पुन्हा एकदा हलवा, पुन्हा बसू द्या, मग १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. साका विरघळून पाणी आयोडीनमुळे पिवळं-सोनेरी होतं. आता ऑक्सिजन ‘फिक्स’ झाला. एवढं काम काठावरच व्हायला हवं. पुढचं टायट्रेशन (ब्यूरेटमधून थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजणं) काही तासांत, बाटली अंधारात ठेवून, लॅबमध्ये करता येतं.

लॅबमध्ये २०१ मिली घ्या (तो वरचा १ मिली रिएजंटमुळे बाहेर सांडलेल्या पाण्याची भरपाई आहे) आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिक्कट गवती पिवळा होईपर्यंत थांबा आणि मगच स्टार्च घाला. आधीच घातला तर आयोडीन स्टार्चला धरून बसतो आणि शेवट लांबतो. निळा रंग पहिल्यांदा नाहीसा झाला की थांबायचं. थोड्या वेळाने निळा परत येतो, त्याकडे दुर्लक्ष करा. या मापांत गणित फार सोयीचं आहे: जितके मिली थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. ६.४ मिली लागले तर ६.४.

पण थायोसल्फेट कालांतराने बदलतं. दर वेळी पोटॅशियम डायक्रोमेट किंवा आयोडेटच्या स्टँडर्डने त्याची खरी ताकद तपासा. अझाइड विषारी आहे. उरलेलं द्रावण आम्लाच्या कचऱ्यात मिसळू नका आणि सिंकमध्ये ओतू नका.

आकडा आला की तापमानाशी लावून बघा. समुद्रसपाटीला शुद्ध पाणी २० अंशांना सुमारे ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन धरून ठेवतं. मग ३० अंशांच्या तळ्यात दुपारी ११ आला तर? प्रयोग चुकला असेलच असं नाही. हिरवंगार शेवाळ असेल तर ते दिवसा ऑक्सिजन सोडून पाणी अतिसंपृक्त करतं. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं, आणि पहाटे, उजाडायच्या जरा आधी, आकडा तळाला जातो. मासे बहुधा तेव्हाच मरतात. म्हणून एकदा तरी वर्गातल्या चौघांनी मिळून २४ तासांचा फेरा करावा, दर तीन तासांनी एक बाटली. दुपारी २ चा एकच नमुना घेऊन ‘तलाव निरोगी आहे’ म्हणणारा रिपोर्ट त्यानंतर तुम्ही लिहू शकणार नाही.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, हा याचाच पुढचा भाग. एक बाटली आज तपासायची, दुसरी २० अंशांवर ५ दिवस अंधारात ठेवून तपासायची. भारतात उष्ण हवामान धरून २७ अंशांवर ३ दिवस ही पद्धतही प्रमाण मानतात. शेवटी किमान १ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन उरलेला हवा आणि किमान २ वापरला गेलेला हवा. नसेल तर पाणी किती पट पातळ करायचं हे चुकलं. त्यामुळे एकाच नमुन्याच्या तीन-चार वेगवेगळ्या पटींच्या बाटल्या लावाव्यात.

सोबत प्रवाहही मोजा

हे बहुतेक जण विसरतात. नायट्रेट ३ मिलिग्रॅम प्रति लिटर, हे अर्धंच वाक्य आहे. किती पाण्यात? ओढ्याची रुंदी ४ मीटर, सरासरी खोली अर्धा मीटर. एक हलकं फळ किंवा लाकडाचा तुकडा सोडून १० मीटर जायला किती वेळ लागतो ते पाहा. समजा २५ सेकंद, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभाग तळापेक्षा जोरात वाहतो, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. प्रवाह झाला सेकंदाला ०.६८ घनमीटर. गुणिले ३, म्हणजे सेकंदाला दोन ग्रॅमच्या आसपास नायट्रेट, दिवसाला सुमारे १७६ किलो. पावसानंतर मिलिग्रॅमचा आकडा उतरतो आणि विद्यार्थी लिहितो की प्रदूषण कमी झालं. त्याच दिवशी वाहून गेलेले किलो कित्येक पट वाढलेले असू शकतात.

माती, झाडं, कीटक

मातीचा नमुना एका खड्ड्यातून घेत नाहीत. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वरचा पालापाचोळा सारून ० ते १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती काढा, एकत्र करा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. नायट्रेट मोजायचं असेल तर मात्र वाळवत बसू नका. ओल्या मातीत जिवाणूंचं काम सुरूच असतं. ती थंड ठेवून लवकरात लवकर अर्क काढा. सेंद्रिय कर्बासाठी १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत अजून सगळीकडे शिकवतात. त्यात सगळा कर्ब जळत नाही, म्हणून १.३ चा गुणक लावतात, आणि कर्बावरून सेंद्रिय पदार्थ काढायला १.७२४ चा. दोन्ही गुणक सरासरीवर बेतलेले आहेत, तुमच्या मातीला ते तंतोतंत लागू होतील असं नाही. रिपोर्टमध्ये कोणते वापरले ते लिहून टाका.

वनस्पतींसाठी गवत-रोपांना १ × १ मीटर, झुडपांना ५ × ५ आणि झाडांना १० × १० मीटरचे क्वाड्रॅट (मोजणीसाठी आखलेले चौकोन) रूढ आहेत. किती क्वाड्रॅट पुरेसे, हे जागाच सांगते: दर क्वाड्रॅटमागे नव्या जातींची बेरीज आलेखावर मांडत जा, रेषा सपाट झाली की थांबा. क्वाड्रॅट सुंदर दिसणाऱ्या ठिकाणी टाकायचा मोह आवरा. आधीच घरी बसून यादृच्छिक आकडे काढा आणि तिथेच टाका, काटेरी झुडूप आलं तरी. शॅनन निर्देशांक (जातींच्या विविधतेचं माप) काढताना लॉगॅरिदम कोणत्या पायाचा घेतला ते लिहा. नैसर्गिक लॉग आणि दोनच्या पायाचा लॉग यांची उत्तरं वेगळी येतात, आणि दोन प्रबंधांची तुलना त्यामुळे नेहमी फसते.

ओढ्यातले जलकीटक मात्र आवर्जून शिका. पाण्याची बाटली त्या मिनिटाचं पाणी दाखवते. दगडाखाली महिनोन्‌महिने राहणारा किडा गेल्या कित्येक आठवड्यांत काय काय वाहून गेलं त्याची साक्ष देतो. जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, समोरचा तळ पायाने ठरावीक वेळ ढवळायचा, आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लायच्या अळ्या भरपूर असतील तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे. नुसत्या लालभडक कायरोनोमस अळ्याच दिसल्या तर त्यांचा तो लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे. तुटपुंज्या ऑक्सिजनमध्ये तगण्याची ही त्यांची सोय.

हवेबद्दल थोडक्यात: हवेतले कण मोजायला पंपाने हवा फिल्टर पेपरमधून खेचतात. तो फिल्टर पेपर वापरण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा एकाच नियंत्रित आर्द्रतेत २४ तास ठेवून वजन करायचं. वाढलेलं वजन भागिले खेचलेली हवा. ९६ मिलिग्रॅम वाढले आणि मिनिटाला १ घनमीटरने २४ तासांत १४४० घनमीटर हवा खेचली, तर सुमारे ६७ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. स्वस्तातले सेन्सर दमट हवेत कणांवर चढलेलं पाणीही मोजतात आणि आकडा फुगवतात. ते वापरायचे तर आधी काही दिवस प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून दोघांचा फरक काढा.

लॅबमध्ये: आपल्याच आकड्यावर संशय

भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं दाखवलं. तिथवर पोचायला त्यांना आधी वेगळीच लढाई लढावी लागली: नमुन्यात सापडणारं शिसं खडकातलं कमी आणि लॅबच्या हवेतलं, रसायनांतलं, माणसांच्या अंगावरचं जास्त होतं. त्यांनी लॅबच इतकी स्वच्छ केली की ती पद्धत पुढे इतरांनी उचलली, आणि त्यातूनच पेट्रोलमधलं शिसं जगभर किती पसरलं आहे हे उघड झालं. हे सगळं एका ब्लँकपासून, म्हणजे ज्यात काहीच सापडायला नको अशा कोऱ्या नमुन्यापासून, सुरू झालं.

तुमचा ब्लँक म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, जे नमुन्यासारखंच बाटलीत भरलं, फील्डवर नेलं, उघडलं, आम्ल घातलं, आणि परत आणून तपासलं. त्यात काही सापडलं तर ते तुम्ही टाकलेलं आहे. दर दहा नमुन्यांमागे एक ब्लँक, एक जुळी बाटली, आणि एक असा नमुना ज्यात तुम्ही माहीत असलेली मात्रा मुद्दाम मिसळली आहे. २ मिलिग्रॅम मिसळून १.३ च परत मिळाला तर पाण्यातलं काहीतरी अडथळा आणतंय. व्हायव्हाला परीक्षक कोणता प्रश्न विचारतील ते सांगता येत नाही, पण ‘ब्लँक किती आला?’ याचं उत्तर तयार असलेला विद्यार्थी निम्मी लढाई तिथेच जिंकतो.

कॅलिब्रेशन कर्व्हच्या (माहीत मात्रांच्या द्रावणांवरून काढलेल्या रेषेच्या) शेवटच्या बिंदूपलीकडे आलेला नमुना पातळ करून पुन्हा वाचा, रेषा पुढे वाढवू नका. आणि यंत्राला काहीच दिसलं नाही तर ‘०’ लिहू नका, ‘शोधमर्यादेखाली’ लिहा आणि मर्यादा किती तेही. ती काढायची एक रूढ रीत अशी: अगदी थोडी मात्रा असलेला नमुना सात वेळा पहिल्यापासून पूर्ण तपासा आणि मिळालेल्या प्रमाण विचलनाला ३.१४ ने गुणा.

आता काही फुकटातल्या तपासण्या. बीओडी सीओडीपेक्षा (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा) जास्त आला तर कुठेतरी नक्की चुकलं. पाण्यातले प्रमुख धन आयन आणि ऋण आयन मिलिइक्विव्हॅलंटमध्ये बेरीज करून पाहा, दोन्ही बाजू साधारण ५ टक्क्यांत जुळायला हव्यात, कारण पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं. मिलिग्रॅम प्रति लिटरचे आकडे असे भागायचे: कॅल्शियम भागिले २०, मॅग्नेशियम भागिले १२.१५, सोडियम भागिले २३, पोटॅशियम भागिले ३९.१. दुसरीकडे बायकार्बोनेट भागिले ६१, क्लोराइड भागिले ३५.५, सल्फेट भागिले ४८, नायट्रेट भागिले ६२. पाच मिनिटांचं काम आहे. तरीही छापून आलेल्या कित्येक तक्त्यांवर हे करून पाहिलं की डोकं धरायची वेळ येते.

सीओडीच्या उरलेल्या द्रावणात पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. पर्यावरणशास्त्राच्याच लॅबमधून ते सिंकमध्ये गेलं तर त्यापुढे बोलायला काही उरत नाही. वेगळा कॅन, त्यावर लेबल, आणि विभागाच्या व्यवस्थेतून विल्हेवाट.

सरासरी काढण्याआधी

मूळ आकड्यांची फाइल एकदा भरली की तिला हात लावू नका, सगळं गणित तिच्या प्रतीवर करा. सरासरी काढताना ती कशाची काढतोय ते बघा. पीएच ४ आणि पीएच ६ यांची सरासरी ५ नाही. पीएच लॉगॅरिदमिक आहे. हायड्रोजन आयनांची सरासरी काढून परत पीएचमध्ये आणलं की उत्तर ४.३ येतं. आवाजाचंही तसंच: ६० आणि ७० डेसिबलची ऊर्जेवरून काढलेली सरासरी ६७.४, ६५ नव्हे. एखादा बिंदू बाकीच्यांपासून फटकून असेल तर तो गाळण्याआधी फील्डची वही उघडा. वहीत कारण सापडलं तरच गाळा, आणि गाळला हे लिहा.

एकच जागा, पुन्हा पुन्हा

विषय निवडताना नवं काहीतरी शोधायची घाई असते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा सुमारे ३१५ पीपीएम (दहा लाख भागांत ३१५ भाग) होता. वातावरण दर वर्षी ऋतूंबरोबर श्वास घेतं हे आधी दिसलं, आणि काही वर्षांतच ती नागमोडी रेषा वर सरकतेय हेही. त्यासाठी लागली ती कॅलिब्रेशन वायूंची कडक शिस्त आणि न थांबता चाललेलं तेच ते मोजमाप. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर केलं, तेही तिथल्या हॅली संशोधन केंद्रावर १९५० च्या दशकापासून जमिनीवरून चालू असलेल्या कंटाळवाण्या नोंदींमुळेच.

त्यामुळे आधीच्या बॅचने जिथे मोजलं होतं ती ठिकाणं शोधा, त्यांच्याच पद्धतीने, त्याच ऋतूत पुन्हा मोजा, आणि पद्धत बदलायचीच असेल तर किमान एकदा जुनी-नवी दोन्ही एकत्र चालवा. तुमच्यानंतर येणाऱ्यांसाठी अक्षांश-रेखांश, ठिकाणाचा फोटो आणि काठावरची ओळखीची खूण लिहून ठेवा. वाळवलेली माती, वजन केलेले फिल्टर आणि अल्कोहोलमधले कीटक रिपोर्ट मंजूर झाला तरी फेकू नका. लेबल पुन्हा पेन्सिलीने गिरवा, खोक्यावर वर्ष आणि ठिकाण लिहा, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर नोंदवा.